मागच्या तारखेची नोंद

दि. ९ जुलै

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार केलाय, दिसला नसेल म्हणून सांगते. फोन सोडून पत्र का, हे तू विचारणार नाहीस. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, मग मी ओरडते आणि आपल्या घरच्या गोष्टी अख्ख्या हॉस्टेलला कळतात. पण या वेळी कारण वेगळं आहे. माहितीची सुरक्षा शिकवणाऱ्या आमच्या सरांनी फर्मान काढलंय, की प्रकल्पाबद्दल फोनवर बोलायचं नाही, मेलवर लिहायचं नाही. ज्या ऑफिसची माहिती हवी त्यांना कागदावर लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि रजिस्टर पोस्टाने पाठवायचं. वर्षभर आम्ही संगणकाला कुलपं घालायला शिकतोय आणि सरांचा विश्वास मात्र डिंकावर!

तीन वर्षं नोकरी करून पुन्हा कॉलेजात जायची खुमखुमी मलाच आली होती, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. पण खरं सांगू? मला काही म्हणजे काही समजत नाहीये. नेटवर्कच्या तासाला वाटतं, डेटाबेस बरा होता. डेटाबेसच्या तासाला वाटतं, नेटवर्कमध्ये निदान हातात धरायला वायर तरी होती. सुरक्षेच्या पहिल्या तासाला सर म्हणाले, "इथे कुणावरही विश्वास ठेवायचा नाही," आणि लगेच हजेरी घेतली. माझं नाव आल्यावर "हजर" म्हणताना मी जरा चाचरलेच.

तर प्रकल्प असा आहे. एखाद्या लहानशा, खऱ्याखुऱ्या ऑफिसच्या नोंदी घ्यायच्या आणि त्या भरवशाच्या आहेत का ते तपासायचं. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, नंतर कुणी हात घातला का. प्रत्येक नोंदीबरोबर संगणक गुपचूप स्वतःची एक रोजनिशी लिहीत असतो, तिला लॉग म्हणतात. तुझ्या दवाखान्यातल्या नोंदी आणि त्यांचा लॉग मला हवाय. डॉक्टरांच्या सहीसाठी परवानगीचा कागद जोडलाय. पेशंटचं नाव, पत्ता आणि फोन हे रकाने काढून टाकायचे, प्रत्येकाला नुसता नंबर ठेवायचा. कसं करायचं ते मागच्या पानावर पायरीपायरीने लिहिलंय.

आई असती तर म्हणाली असती, लोकांच्या दुखण्यात नाक खुपसायला कॉलेज कशाला हवं? तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी माझ्या प्रत्येक कामावरचं तिचं मत मला आपोआप ऐकू येतं. तुलाही येतं का?

तुझी,
शंकासूर

दि. २० जुलै

चि. शंकासुरास,

पुष्कळ आशीर्वाद. त्यातले निम्मे लगेच वापर, कारण तुझ्या त्या पायऱ्यांनी आमच्या तोंडाला फेस आणलाय. कंपाउंडर वाचत होता आणि मी बटणं दाबत होते. तिसऱ्या पायरीला स्क्रीनवरून सगळ्या पेशंटची नावं नाहीशी झाली. कंपाउंडर खुर्चीतून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, सगळे गेले!" पाचव्या पायरीला तू लिहितेस, की हे सगळं मूळ नोंदींवर करायचं नाही, नकलेवर करायचं. अगं बाई, हे पहिल्या पायरीला लिहायचं असतं! तुझं नशीब, की या माणसाने भीतीपोटी आधीच नक्कल काढून ठेवली होती. तुला परीक्षेत पास करतात ते काय बघून करतात, मला समजत नाही.

डॉक्टरांनी सही केली, कागद न वाचता. म्हणाले, माझी अक्षरं कुणी वाचत नाही, मी दुसऱ्यांची का वाचू?

सोबतच्या डबीत पेनड्राइव्ह आहे, त्यात गेल्या दोन वर्षांच्या नोंदी आहेत. तेवढ्या पुरेत. त्याआधीच्या म्हणजे सर्दी, खोकला आणि पुन्हा सर्दी. त्यात शिकण्यासारखं काही नाही.

एक विचारते. ही रोजनिशी संगणक लिहितो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी या टेबलाशी बसलेय, त्यातली आठ या यंत्रासमोर. आठ वर्षं ते माझ्याबद्दल लिहितंय आणि मला पत्ता नाही. त्यात काय काय असतं? मी चहाला उठले ते पण?

तुझ्या आईचा आवाज मलाही येतो. पण मी पडले तिची मोठी बहीण, त्यामुळे तिचं ऐकायची मला सवय नाही. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझी,
मावशी

दि. ५ ऑगस्ट

प्रिय मावशी,

चहाला उठलीस ते लिहीत नाही, पण बाकी बरंच लिहितो. आणि ऐक, तुझ्या दवाखान्यात चोर आहे!

लॉगमध्ये एकाखाली एक ओळी असतात, प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि लिहिणाऱ्याचं नाव. आता बघ. मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. त्याखालची ओळ, आदल्या शनिवारची दुपार. त्याखाली पुन्हा मंगळवार, अकरा पंचवीस. मंगळवारच्या पोटात शनिवार! मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग मोजलं, तर दोन वर्षांत असं एकशे चाळीस वेळा झालंय, आणि दर वेळी तुझ्या नावावर. तू काही काळात मागेपुढे जात नाहीस, मग तुझ्या नावावर कोण जातं?

माझी रूममेट म्हणते, यंत्राला झपाटलंय. सर म्हणतात, कुणीतरी मावशीचा पासवर्ड वापरून नोंदी घुसडतंय. सर इतके खूश झाले, की मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. मी मात्र पार गोंधळलेय. घुसडलेल्या नोंदी वाचल्या तर त्या साध्यासुध्या आहेत. कुणाची लघवीची तपासणी, कुणाच्या छातीचा फोटो. असलं कोण कशाला चोरून लिहील? चोर आहे की समाजसेवक?

पासवर्ड अजून कीबोर्डखाली चिकटवलेला आहे का? खरं सांग. कोणाकोणाला माहीत आहे?

आणि दोन वर्षं पुरत नाहीत. सरांना किमान पाच हवीत. त्यांनी स्वतःच डॉक्टरांना पत्र टाकलंय.

तुझी,
शंकासूर

दि. १४ ऑगस्ट

चि. शंकासुरास,

आशीर्वाद. चोर-बीर काही नाही. तू 'चोर' लिहिलंस आणि मी ते कंपाउंडरला वाचून दाखवलं, ही माझी चूक. तेव्हापासून तो औषधांच्या कपाटाला कुलूप लावतो, चार पावलं जातो आणि ओढून बघायला परत येतो. काल किल्ली आतच राहिली. पेशंट बाहेर खोकतायत आणि खोकल्याचं औषध कुलपात.

पासवर्ड आता कीबोर्डखाली नाही, कॅलेंडरच्या मागे आहे. आम्हाला दोघांनाच माहीत आहे. तिसरे डॉक्टर, पण ते विसरतात.

यंत्र जुनं आहे, त्याचं घड्याळ मागेपुढे होतं. एवढंच आहे. सोडून दे आणि दुसरं काहीतरी शोध.

डॉक्टरांनी तुझ्या सरांचं पत्र या वेळी वाचलं. नेमकं हेच वाचायचं होतं त्यांना! म्हणाले, पाचच का, सगळी आठ वर्षं पाठवा, मुलीचं शिक्षण आहे. म्हणून पाठवतेय. नावं काढली आहेत, दोनदा बघितलं.

शंकासुरा, माझं एक ऐक. जुन्या वर्षांत फार उकरत बसू नकोस. काही दिसलंच आणि विचारावंसं वाटलं, तर आधी मला विचार, सरांना नंतर.

तुझी,
मावशी

दि. २ सप्टेंबर

मावशी,

आधी तुलाच विचारतेय.

मला वाटत होतं, नाव, पत्ता आणि फोन काढला की माणूस झाकला जातो. परवा सरांनी शिकवलं, की नाही झाकला जात. वय, एखादी खूण, एखादी जुनी तक्रार एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. आपापल्या नोंदींत करून बघा, म्हणाले. मी करून बघितलं.

नंबर ४४७. बाई, वय बावन्न. सल्फाची औषधं चालत नाहीत. डाव्या तर्जनीचं पहिलं पेर नाही, कागद कापायच्या यंत्रात गेलं. व्यवसाय, पुस्तकबांधणी. मला दहा मिनिटंही लागली नाहीत. लॅबमधले सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते आणि माझ्यासमोर आई होती.

तिच्या पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट. गाठ, आणि ती पसरली आहे, असं सरळ लिहिलंय. नोंदीची तारीख ३ मार्च, सकाळी दहा पंचवीस. नोंद करणारी तू.

तू मला फोन केलास २२ मेला. "अचानक कळलं, लगेच नीघ," असं म्हणालीस. ३ मार्च ते २२ मे म्हणजे ऐंशी दिवस होतात. त्या ऐंशी दिवसांत मी पदवीच्या शेवटच्या परीक्षेला बसले होते आणि आईला फोनवर सांगत होते, की आत्ता बोलायला वेळ नाही, पेपर आहे. मी घरी आल्यावर ती नऊ दिवस होती. त्यातले चार ती धड शुद्धीवरही नव्हती.

मला एवढंच सांग. ३ मार्चला तुला माहीत होतं का?

दि. ९ सप्टेंबर

बाळा,

हो. मला माहीत होतं.

लॅबचा कागद थेट माझ्या टेबलावर आला. मी वाचला, नोंद केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही. तुझी परीक्षा जवळ आली होती. तुला कळलं असतं तर तू पेपर टाकून आली असतीस, आणि तिला कळलं असतं तर तुझ्यापासून लपवणं तिला जमलं नसतं. मोठी म्हणून मी परस्पर ठरवलं. चुकलं असेल. आता ते परत करता येत नाही.

डॉक्टर तेव्हाही म्हणाले होते, की मार्चमध्ये कळूनही उपचाराचा फार उपयोग नव्हता. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये. ती वाचली असती असं मनात आणून झुरू नकोस, म्हणून सांगतेय.

तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. वाट्टेल ते बोल. दुसऱ्या कुणावर नको.

मावशी

दि. ३ ऑक्टोबर

चि. शंकासुरास,

चोवीस दिवस झाले, तुझं पत्र नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन आला की मी खिडकीकडे बघतेच. हॉस्टेलवर फोन केला तर तुझी रूममेट म्हणाली, बरी आहे, पण बोलायचं नाही म्हणते. बरी आहेस एवढं पुरे.

हे पत्र माझ्यासाठी नाही, तुझ्या प्रकल्पासाठी आहे. ती म्हणाली, की तू अजून त्या चोराच्या मागे आहेस, नोव्हेंबरात अहवाल द्यायचाय आणि तुला काही सापडत नाही. तू माझ्यापायी नापास व्हावीस हे मला चालणार नाही. म्हणून खरं काय ते लिहिते. डॉक्टरांनाही आज सांगितलं.

घड्याळ आपोआप मागे जात नाही. मी मागे करते.

हा प्रोग्राम बसवला तेव्हापासूनची अडचण आहे. नोंद करायला घेतली, की तो तारीख स्वतःच टाकतो, आजची. आपल्याला बदलता येत नाही. पण कागद आज येतो कुठे? लॅबवाले रिपोर्ट पेशंटच्या हातात देतात, नेहमीच तसं करतात. पेशंट तो पिशवीत ठेवतो, चार दिवसांनी, आठवड्याने आठवण झाली की आणून देतो. रिपोर्ट शनिवारचा आणि नोंद मंगळवारची, असं मला कसं चालेल? वहीत मी चोवीस वर्षं कागदावरची तारीख लिहीत आले. तेव्हा मी काय करते, की आधी संगणकाचं घड्याळ कागदावरच्या तारखेला आणि वेळेला नेते, नोंद करते, आणि पुन्हा आजवर आणते. दोन मिनिटांचं काम. आम्ही दोघंही तसंच करतो. कंपाउंडरला मीच शिकवलं.

हे चुकीचं असेल तर तसं लिही. माझं नाव घालायचं तर घाल. पण उगाच चोर शोधत बसू नकोस.

पुढे थंडी येईल. तपकिरी शाल तुझ्या पेटीत खाली आहे.

मावशी

दि. १९ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून बाजूला फेकलं. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवलं, फक्त घड्याळाचा मजकूर. सर आधी हसले, मग डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "चोर पकडायला दोन महिने घालवले, आणि ही बाई नुसती व्यवस्थित निघाली." मग फळ्यापाशी गेले आणि मला झापलं, की तारखेवर विसंबलीसच कशी? घड्याळ माणसाच्या हातात असतं. डेटाबेस प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक अनुक्रमांक देतो, तो कुणाच्या हातात नसतो. घड्याळ कितीही मागे ने, पुढचा आकडा पुढचाच येतो. नोंद खरी कधी केली हे बघायचं, तर तारीख बघायची नाही, शेजारी बघायचे.

हे मला पहिल्या सत्रात शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते! पण त्या दिवशी लॅबमध्ये समोर आई होती आणि मी तिच्या तेवढ्याच ओळी तारखेने लावून वाचल्या. शेजारी कोण आहे ते बघितलंच नाही. तोपर्यंत मी चोर शोधत होते आणि त्या दिवसापासून तुला धरून बसले होते.

आता बघितलं. आईच्या रिपोर्टच्या नोंदीचा अनुक्रमांक ११६१२. त्याआधीची नोंद, ११६११, कुणाच्या तरी कानात मळ, १९ मे, सकाळी नऊ पन्नास. त्यानंतरची, ११६१३, लहान मुलाचा जुलाब, १९ मे, सव्वादहा. मी पाचपन्नास ओळी वर गेले, पन्नास खाली गेले. सगळा मे महिना. मधे एकटा ३ मार्च.

म्हणजे तू ती नोंद केलीस १९ मेला. तुला १९ मेला कळलं. आणि २२ला तू मला फोन केलास.

तू मार्चमध्ये काही लपवलं नाहीस. तुझ्या ड्रॉवरमध्ये कागद नव्हता. तू ९ सप्टेंबरला लिहिलंस, की लॅबचा कागद थेट तुझ्या टेबलावर आला, आणि ३ ऑक्टोबरला लिहिलंस, की लॅबवाले तो नेहमी पेशंटच्या हातात देतात. मावशी, तुला धड खोटंही बोलता येत नाही.

मी माझ्यावरच चक्रावलेय. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं झालं नाही. मी महिनाभर तुझा राग राग केला, तुझ्या फोनला आले नाही, आणि तू वर शाल कुठे आहे ते कळवतेस. न केलेला गुन्हा कुणी असा अंगावर घेतं का? कशासाठी?

आणि मग तो कागद ३ मार्चपासून १९ मेपर्यंत कुणाकडे होता? उत्तर मला माहीत आहे, पण ते मला माझ्या तोंडून म्हणवत नाही. तू लिही.

तुझी,
शंकासूर

दि. २८ ऑक्टोबर

चि. शंकासुरास,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तुझ्या सरांना म्हणावं, चांगलं शिकवता. इतकं चांगलं शिकवायची काही गरज नव्हती.

कागद तुझ्या आईकडे होता. तपासणी तिने मला न सांगता सुट्टीच्या दिवशी करून घेतली. ३ मार्चला रिपोर्ट घेतला आणि सरळ कारखान्यात कामाला गेली. पुठ्ठ्यांच्या चळतीत, जिथे दुसरं कुणी हात घालत नाही, तिथे तो तिने ठेवला. सत्त्याहत्तर दिवस. रोज त्याच्याशेजारी उभी राहून ती पुस्तकं शिवत होती. बारीक व्हायला लागली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, उन्हाळा आहे, जेवण जात नाही. मी दवाखान्यात बसणारी बाई, रोज शंभर तोंडं बघणारी, आणि मला माझ्या बहिणीचं तोंड वाचता आलं नाही.

तुझा शेवटचा पेपर १८ मेला होता. १९ला सकाळी ती आली, रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर माझ्या टेबलावर कागद ठेवला. म्हणाली, "ताई, आता नोंद कर." मी वाचला आणि तारीख बघितली. मी म्हटलं, "हा मार्चचा आहे." ती म्हणाली, "माझ्याकडे कॅलेंडर आहे." असलं बोलायची ती. मागे रांग उभी होती. मी घड्याळ मागे नेलं, नोंद केली, पुढे आणलं. सवयीने हात चालले. पण सवयच नव्हती नुसती. माझा संताप झाला होता. तिने सगळ्यांना फसवलं, निदान एका जागी तरी खरी तारीख लिहून ठेवायची, असं मला वाटलं. तेच आता माझ्या अंगलट आलं. डबी पाठवण्याआधी ती एक ओळ पुसून टाकता आली असती. बसलेही होते पुसायला. नाही झालं माझ्याच्याने.

मग तीन दिवस आम्ही भांडलो. तुला लगेच बोलव, असं मी म्हणत होते. तिचं म्हणणं, निकाल लागू दे. २२ला तिला घेरी आली आणि ती झोपली असताना मी तुला फोन केला. उठल्यावर तिने मला शपथ घातली, की मार्चचं तुला कधी सांगायचं नाही. मी हो म्हटलं. जाणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

आता तू विचारतेस, की दोष मी का घेतला. तुझं पत्र आलं तेव्हा मी टेबलाशी बसले होते आणि मला एकच सुचलं. तू तिच्यावर रागावलीस, तर ती तुला काय उत्तर देणार? ना ती समजूत काढणार, ना जवळ घेणार, ना चूक कबूल करणार. तो राग तुझ्याजवळच राहिला असता, जन्मभर. माझ्यावर रागावलीस तर मी जिवंत आहे. तू बोलशील, मी ऐकीन, कधीतरी तू निवळशील. न निवळलीस तरी तुझी आई तुझ्याजवळ जशी होती तशी राहील. मला हा सौदा बरा वाटला.

पण खरं सांगायचं तर तो मला झेपला नाही. या महिनाभरात मी तिच्या फोटोसमोर उभी राहून तिला म्हटलं, की बघ, तुझ्यापायी माझी पोर माझ्याशी बोलत नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला घालून पाडून बोलले. आणि मग मलाच वाईट वाटलं. मला समजत नाही, मी बरोबर केलं की चूक. तू शिकलेली आहेस, तूच सांग.

तुझी,
मावशी

दि. ६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

अहवाल आज दिला. त्यात तुझं नाव नाही, दवाखान्याचं नाही आणि ४४७ नंबरचीही ओळ नाही. घड्याळाचा प्रकार सगळा लिहिलाय. शेवटी लिहिलंय, की या ऑफिसात एकही नोंद खोटी नाही, फक्त प्रोग्रामला कागदावरच्या तारखेसाठी वेगळा रकाना द्यायला हवा. तो रकाना मी स्वतः करून आणणार आहे, म्हणजे तुला घड्याळाला हात लावावा लागणार नाही. सर म्हणाले, ठीक आहे. त्यांच्याकडून ही फार मोठी स्तुती आहे.

तू विचारलंस, बरोबर की चूक. मी शिकलेली आहे, पण मला येत नाही. आठ दिवस मी याच प्रश्नाशी बसलेय. आईने माझ्यासाठी केलं, हे कळतं. माझे सत्त्याहत्तर दिवस तिने मला न विचारता घेतले, हेही कळतं. एकदा वाटतं, तिच्या पाया पडावं. लगेच वाटतं, तिला गदगदा हलवून विचारावं, की मी पेपर टाकून आले असते तर तुझं काय बिघडलं असतं गं? दोन्ही एकाच वेळी वाटतं आणि कुठलंच जात नाही. चार वर्षं मला तिची नुसती आठवण येत होती. आता तिचा राग येतोय, आणि गंमत म्हणजे त्यामुळे ती जास्त जवळ आल्यासारखी वाटते. मेलेल्या माणसावर कुणी इतकं चिडत नाही.

पण तुझा सौदा मला मंजूर नाही. तुझ्यावर रागवायचं आणि तिला जपून ठेवायचं, हे चालणार नाही. ती तुलाही फसवून गेली आणि तू वर तिची बाजूही घ्यायचीस, हा कुठला न्याय?

शनिवारी दुपारच्या गाडीने येतेय. चार वर्षांचं भांडण एका दिवसात उरकणार नाही, म्हणून रविवारीही राहीन. आपण दोघींनी समोरासमोर बसून तिच्यावर मनसोक्त रागवायचं. तिची बाजू कुणीही घ्यायची नाही. आधी तू सुरुवात कर, तू तिची मोठी बहीण आहेस.

तुझी,
शंकासूर